अंधाराची वॉरंटी

आमच्या टीव्हीवर काही दिसत नाही असं ज्यांनी ज्यांनी म्हटलं, त्यांनी खुशाल परत यावं आणि माझ्या तोंडावर म्हणावं. मी दार उघडं टाकून बसलोय. चहासुद्धा देईन. फक्त आधी माझं ऐकून घ्यावं लागेल, आणि मी एकदा सुरू झालो की आवरत नाही असं आमच्या घरचं मत आहे. असू दे.

मी वजनमापे खात्यात निरीक्षक आहे. बाजारात हिंडायचं, दुकानदारांचे तराजू आणि मापं तपासायची, खरी असली तर शिक्का मारायचा आणि खोटी असली तर जप्त करायची, हे माझं काम. आजवर मला कुणी मापात मारलेलं नाही. भाजीवाला मला बघून एखादा टोमॅटो जास्त टाकतो, तर मी तो काढून परत ठेवतो, कारण जास्त देणं हेसुद्धा माप चुकणंच. यामुळे बायको माझ्याबरोबर बाजारात येत नाही. ती म्हणते, "तुमच्याबरोबर गेलं की मिळालेलं पण जातं."

तर टीव्हीचं प्रकरण उपटलं ते लेकीमुळे. घरात तिला आम्ही भिंगरी म्हणतो, कारण लहानपणी ती एका जागी म्हणून टिकायची नाही. आता मात्र ती दिवसच्या दिवस एका अंधाऱ्या खोलीत ठाण मांडून बसते आणि सिनेमांचे रंग लावते. चित्रीकरण झालेला सिनेमा तिच्याकडे येतो, आणि कुठल्या प्रसंगात उजेड किती, सावली किती, चेहऱ्यावर ऊन किती पिवळं, हे सगळं ती बसवते. याला कलरिस्ट म्हणतात. नातेवाइकांना हे सांगून सांगून माझ्या तोंडाला फेस आला. माझे मेहुणे, म्हणजे बायकोचे थोरले भाऊ, ज्यांना जगातलं सगळं आधीपासून ठाऊक असतं, त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे रंगकाम. मग सुट्टीत आली की आमच्या गॅलरीच्या ग्रिललाही एक हात मारून दे म्हणावं."

सगळे हसले. भिंगरीही हसली, पण मी बाप आहे, मला हसण्याचंही माप कळतं. ते कमी भरलं होतं.

बरं, आम्हीही काही फार दिवे लावले नव्हते. तिने मदतनीस म्हणून केलेला आधीचा सिनेमा आम्ही आमच्या जुन्या टीव्हीवर कौतुकाने पाहिला होता, आणि नंतर फोनवर तिची आई म्हणाली, "छान होता गं. पण मध्येच त्यांच्याकडचे लाइट का गेले होते?"  मग ती म्हणाली, "आई, तोच तर सीन मी केला होता."

त्यानंतर तिला पहिल्यांदा अख्खा सिनेमा एकटीने करायला मिळाला. फोनवर मला त्याची गोष्ट सांगताना तिचा आवाज असा काही फुलला होता की मी जेवणावरून उठून बाहेर जाऊन ऐकत बसलो. एका घरातला म्हातारा भांडणानंतर नाहीसा होतो. सगळे समजतात, रागावून घर सोडून गेला. सून त्याला गावभर शोधते, थकून परत येते आणि अंधाऱ्या स्वयंपाकघरात डोकं धरून बसते. आणि म्हातारा त्याच स्वयंपाकघरात, कोपऱ्यात, पहिल्यापासून बसलेला असतो. कुणी बघितलेलंच नसतं.

"बाबा, तो दिसला पाहिजे," भिंगरी म्हणाली, "पण चटकन नाही. आधी वाटलं पाहिजे की तिथे कुणी नाही. मग डोळे सरावले की हळूच कळलं पाहिजे. त्या एका कोपऱ्यावर मी किती दिवस बसले असेन! तुमच्या टीव्हीवर मात्र तो कोपरा नुसता डांबरासारखा काळा दिसेल. जाऊ दे, तुम्ही नाही बघितलात तरी चालेल."

नाही बघितलात तरी चालेल! पोटच्या पोरीने बापाला असं म्हणावं? मी त्याच क्षणी ठरवलं, टीव्ही घ्यायचा. आणि साधासुधा नाही, तो म्हातारा दिसेल असा घ्यायचा.

दुकानात भिंतभर टीव्ही लावलेले होते आणि प्रत्येकावर एकच पोपट उडत होता. इतका हिरवा पोपट देवाने केलेला नाही. विक्रेता म्हणाला, "साहेब, हा घ्या, क्वांटम डॉट आहे. एचडीआर आहे." मी विचारलं, क्वांटम डॉट म्हणजे काय? तो म्हणाला, "यात बारीक कण असतात." मी म्हटलं, किती बारीक? तो म्हणाला, "खूप." आता 'खूप' हे माप धरून मी बाजारात शिक्के मारायला लागलो तर माझी नोकरी जाईल. मी त्याला म्हटलं, पोपट राहू द्या, एखादा अंधार दाखवा. त्याने आपल्या साहेबाला बोलावलं. साहेब म्हणाला, "आमच्याकडे अंधार नाही. डेमोमध्ये सगळं उजेडाचंच असतं."

मग मी घरी येऊन स्वतः अभ्यासाला बसलो. बायको म्हणाली, दहावीला एवढा केला असतात तर. पण मी सांगतो, हा विषय माझ्यासाठीच जन्माला आला होता. या टीव्हीत मागे निळा उजेड असतो. त्याच्यापुढे एक पातळ पापुद्रा, आणि त्या पापुद्र्यात डोळ्याला दिसणारच नाहीत असे कण. निळा उजेड कणावर पडला की कण दुसऱ्या रंगाने चमकतो. थोडा मोठा कण असेल तर लाल, त्याहून लहान असेल तर हिरवा. कण एकाच पदार्थाचा! फक्त माप बदललं की रंग बदलतो! हे वाचून मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. अहो, उभा जन्म मी दुसरं काय पाहत आलोय? तराजूला हात लावला की दुकानदाराचा रंग बदलतोच की नाही?

आणि एचडीआर, म्हणजे हाय डायनॅमिक रेंज, हे तर मी कुणालाही किराणा दुकानात उभं करून समजावून देईन. पोती तोलायच्या काट्यावर तुम्ही चिमूटभर केशर ठेवलंत, तर काटा हलतो का? नाही. त्याच्या लेखी ते केशर नाहीच. आणि सोनाराच्या काट्यावर पोतं ठेवलंत तर काटाच मोडेल. जुना टीव्ही हा असा अर्धवट काटा आहे. थोडासा अंधार असला की म्हणतो, काही नाही, काळं. जरा जास्त उजेड झाला की म्हणतो, पुरे, पांढरं. एचडीआर म्हणजे असा तराजू, ज्यावर केशर आणि पोतं दोन्ही खरं तोललं जाईल. ऊन उन्हासारखं दिसेल आणि अंधार अंधारासारखा, आणि अंधारात जो बसलाय तो कितीही गप्प बसला असला तरी त्याचं वजन काट्यावर येईल.

हे भाषण मी घरी केलं, दारात समोरच्या वहिनींपुढे केलं, ऑफिसात केलं आणि शेवटी मेहुण्यांपुढेही केलं. मेहुणे म्हणाले, "जावईबापू, एवढं कशाला? टीव्ही म्हणजे काय, मोठा बघून घ्यायचा."

टीव्ही आला. बसवायला आलेल्या माणसाच्या मागे मी लेव्हल घेऊन उभा होतो, म्हणून तो तिरका बसला नाही. पण खरा प्रसंग पुढे आला. टीव्हीच्या खालच्या कडेला कोपऱ्यात एक लांबडं चकचकीत स्टिकर होतं. त्यावर क्वांटम डॉट, एचडीआर वगैरे सगळ्या पदव्या लिहिलेल्या. वाहतुकीत त्याचं एक टोक सुटलं होतं. त्या माणसाने सहज हात घातला आणि ते ओढायला लागला.

"थांबा!" मी असा ओरडलो की त्याच्या हातातला पाना पडला.

आता यात माझं काय चुकलं ते सांगा. आमच्या घरात नव्या वस्तूचं स्टिकर काढत नाहीत. स्टिकर गेलं की वॉरंटी गेली, हे आम्हाला आईच्या दुधाबरोबर मिळालेलं ज्ञान आहे. आमच्या फ्रीजवर अजून स्टिकर आहे. वॉशिंग मशीनवर आहे. इस्त्रीवर होतं, ते जळलं, पण आम्ही काढलेलं नाही. रिमोट तर प्लॅस्टिकच्या पिशवीतून आम्ही बाहेरच काढत नाही. एका जुन्या रिमोटची बटणं झिजून गेली पण पिशवी ठणठणीत होती. मी त्या माणसाला बाजूला केलं, त्याच्या ओढण्याने पुरतं सुटलेलं स्टिकर अलगद हातात घेतलं आणि टेपने मोजून बरोब्बर मधोमध, पडद्याच्या खाली, कंपनीच्या नावाशेजारी दाबून बसवलं. डावीकडे जेवढं अंतर, तेवढंच उजवीकडे. तो म्हणाला, "साहेब, तिथे नका लावू." मी म्हटलं, "का? डोळ्यात खुपतं?" त्याने खांदे उडवले आणि पाना उचलून गेला. माणूस असा अर्ध्यात बोलणं सोडून जातो आणि मग आपण म्हणतो, नशीब.

टीव्ही लावला. आणि काय सांगू! सगळं मलूल. दुकानातला पोपट घरी येईपर्यंत आजारी पडला असावा. बातम्या देणारी बाई तळघरातून बातम्या देत होती. बायको जरा वेळ डोळे बारीक करून बघत राहिली आणि मग हळूच म्हणाली, "अहो, जुना काढून टाकला का हो?"

झालं. बातमी जिन्याने खाली गेली आणि सल्ले जिन्याने वर आले. समोरच्या वहिनी म्हणाल्या, "भावजी, नवीन आहे ना, दोन दिवस चालू ठेवा, मोकळा होईल." म्हणजे काय, नवी चप्पल आहे का ती? तळमजल्यावरचे निवृत्त मॅनेजर आले, हात मागे बांधून टीव्हीच्या मागे डोकावले, आणि भिंतीकडून दाब कमी येतोय असं सांगून गेले. कुणी म्हणालं पडद्यासमोर बसू नका, बाजूला बसा. कुणी म्हणालं, डोळे दाखवून या. आणि मेहुणे? मेहुणे आले, सोफ्यावर रेलले, टीव्हीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि ते वाक्य बोलले जे पुढे अख्ख्या इमारतीच्या तोंडी झालं:

"अरेरे. वजनमापवाल्यालाच मापात मारलं की हो!"

त्या रात्री मला घास गेला नाही. माणसाचं दुसरं काहीही काढा, त्याचं माप काढू नका.

मी ताठ मानेने म्हणालो, "एचडीआर आहे. एचडीआर असंच असतं." मनात म्हटलं, असं नसतं. पण एकदा तोंडातून निघालं म्हणजे निघालं. त्या दिवसापासून कुणीही काही बोललं की मी तेच म्हणायचो. ऑफिसात तर चहा पातळ आला तरी लोक म्हणायला लागले, "एचडीआर असंच असतं."

कंपनीला फोन लावला. तिथे एक यंत्रबाई बोलते. चित्र येत नसेल तर एक दाबा, आवाज येत नसेल तर दोन दाबा, रिमोट चालत नसेल तर तीन. मलूल चित्राला आकडाच नाही. मी चारी दिशांनी बटणं दाबून शेवटी एका जिवंत माणसापर्यंत पोचलो.

"सर, चित्र येतंय ना?"

"येतंय, पण अंधारं."

"पण येतंय ना?"

"अहो, येतंय, पण..."

"थँक्यू सर, आपली तक्रार सोडवण्यात आली आहे."

आणि लगेच मोबाइलवर विचारणा, आमची सेवा कशी वाटली? मी वाटली तशी कळवली. त्याचा परिणाम असा झाला की एक तंत्रज्ञ आला. टीव्हीकडे न बघताच त्याने रिमोट उचलला (पिशवीसकट) आणि 'व्हिव्हिड' नावाचं काहीतरी चालू केलं. क्षणात बातम्यांची बाई भगभगीत नारिंगी झाली आणि तिच्या मागचा निळा पडदा डोळ्यात घुसला. "बघा, लख्ख!" तो म्हणाला. मी म्हटलं, माणसाचा रंग असा असतो का? तो म्हणाला, "साहेब, सगळ्यांना असंच आवडतं." मी ते परत जसं होतं तसं करायला लावलं. सगळ्यांना जड तराजूही आवडतो, दुकानदार असले की.

शेवटचा उपाय म्हणून मी आपल्याच खात्याकडे वळलो. म्हटलं, खोक्यावर उजेडाचं माप छापलंय, ते खरं की खोटं ते खात्याने बघावं. आमच्या साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "किलो आहे का?" नाही म्हटलं. "लिटर? मीटर?" नाही. "मग आपल्याकडे येत नाही. उजेड दुसऱ्या खात्यात." कुठल्या खात्यात, ते त्यांना माहीत नव्हतं. "तुम्ही तोपर्यंत पडदे लावून बघा," ते म्हणाले. हे मात्र सगळ्या सल्ल्यांत त्यातल्या त्यात शहाणपणाचं होतं, पण त्यांनी ते मला कटवायला सांगितलं होतं.

इकडे भिंगरीचा सिनेमा इंटरनेटवरून घरोघर दिसायचा दिवस ठरला. रविवार. ती म्हणाली, "मी येते, आपण एकत्र बघू. पण संध्याकाळच्या गाडीने मला परत जायचंय, तेव्हा दुपारीच बघावा लागेल." दुपारी! आमच्या हॉलला पश्चिमेची भलीमोठी खिडकी. दुपारी तिथे पापड वाळतील. आणि त्यात बायकोने, मला न विचारता, सगळ्यांना बोलावणं केलं. म्हणाली, "लेकीचं पहिलं काम आहे, माणसं नकोत?" मी तिला म्हटलं, टीव्हीचं काय? ती म्हणाली, "तुम्हीच सांगता ना, एचडीआर असंच असतं. मग?"

स्वतःच्याच वजनाखाली माणूस सापडतो म्हणतात, ते असं.

रविवारी सकाळपासून मी खिडकीवर चादरी बांधत होतो. एक पुरली नाही, तीवर दुसरी, वर रजई. भिंगरी आली, तिने नवा टीव्ही बघितला, आणि गप्पकन माझ्या गळ्यात पडली. "माझ्यासाठी घेतलात?" मी म्हटलं, "छे, जुना तसाही जायला आला होता." टीव्ही लावून तिला दाखवायचा धीर मला झाला नाही.

मंडळी जमली. वहिनी, मॅनेजर, आणि सगळ्यांत चांगल्या खुर्चीवर मेहुणे. चादरींकडे बघून म्हणाले, "जावईबापू, सिनेमा बघायला बोलावलंय की फोटो धुवायला?" मी दात ओठ खाऊन हसलो.

सिनेमा सुरू झाला. सुरुवातीचे दिवसाचे प्रसंग बरे चालले. मॅनेजर म्हणाले, "चित्रीकरण चांगलं आहे, जरा ढगाळ आहे." मग भांडण झालं, म्हातारा नाहीसा झाला, सून गावभर हिंडली. आणि मग ती घरी आली, तिने दार लोटलं, आणि आमचा टीव्ही काळा झाला.

नुसता काळा. त्यात मला माझंच तोंड दिसत होतं, आणि ते काही बघण्यासारखं नव्हतं.

"लाइट गेले का?" वहिनी म्हणाल्या.

"नाही हो, रिमोटचा सेल," मॅनेजर म्हणाले.

मी भिंगरीकडे बघितलं. ती पडद्याकडे बघत होती आणि तिचा खालचा ओठ दातात धरलेला होता. लहानपणी पडली आणि रडायचं नसलं की ती असाच धरायची. 

तेवढ्यात मेहुणे उठले. "अरे, द्या तो इकडे, मला येतं!" त्यांनी रिमोट हिसकावला आणि तेच ते 'व्हिव्हिड' लावलं. वर आणखी कुठलं तरी बटण दाबलं, आणि ते अंधारं स्वयंपाकघर दवाखान्यासारखं हिरवटपांढरं उजळून निघालं. डबे दिसले, नळ दिसला, भिंतीवरचे पोपडे दिसले. आणि कोपऱ्यात तो म्हातारा, पासपोर्टच्या फोटोसारखा, समोर बघत. सून बिचारी त्याच्यापासून दोन हातांवर डोकं धरून बसलेली.

"हा काय, इथेच तर आहे थेरडा!" मेहुणे म्हणाले. "आणि ती बाई गावभर शोधत होती? आंधळी आहे का?"

सगळे खो खो हसले.

"मामा, राहू द्या ना," भिंगरी म्हणाली. तिचा आवाज अगदी बारीक आला. "बंद करा तो. मी नंतर कधीतरी दाखवीन."

आणि मग माझं टाळकं सटकलं. मी म्हणजे तो माणूस, ज्याने ऑफिसात साहेबापुढे कधी आवाज चढवला नाही, तो मी खुर्ची मागे सारून उठलो.

"द्या तो रिमोट!"

"अहो, पण आता दिसतंय की..."

"तुम्हाला दिसायला नकोच आहे अजून! पोरीने एकेक कण तोलून तो अंधार केलाय. तुमच्या ग्रिलचं रंगकाम नाही ते! ज्याला ट्यूबलाइटखाली सिनेमा बघायचाय त्याने घरी जावं. माझ्या घरात अंधार आहे तेवढाच दाखवला जाईल, एक मासाही कमी नाही!"

 बायको माझ्याकडे अशी बघत होती जशी लग्नानंतर बघितल्याचं आठवत नाही. मी रिमोट घेतला, सगळं परत पहिल्यासारखं केलं, आणि टीव्ही परत ठार काळा झाला. भाषणानंतर असं होऊ नये, पण झालं.

भिंगरी उठली. टीव्हीपुढे गेली, उकिडवी बसली आणि कडेखाली बघायला लागली.

"बाबा, हे काय चिकटवलंय?"

"वॉरंटीचं स्टिकर आहे. टेपने मोजून लावलंय."

"अहो, याच्या मागे टीव्हीचा डोळा आहे."

"कुणाचा?"

"टीव्हीचा! खोलीत किती उजेड आहे ते तो या डोळ्याने बघतो, आणि त्यावरून आपला उजेड ठरवतो. तुम्ही त्याच्या डोळ्यावर पट्टी बांधलीय. त्याला वाटतंय चोवीस तास मध्यरात्रच आहे, म्हणून बिचारा वात बारीक करून बसलाय."

 मग मेहुण्यांच्या पोटातून हसू वर यायला लागलेलं मला दिसलं. टेपने मोजून! बरोब्बर मधोमध! मापाच्या माणसाने मापाने आपलाच टीव्ही आंधळा केला होता. मला वाटलं, फरशीने दुभंगावं आणि मला पोटात घ्यावं, पण खाली मॅनेजरांचं घर होतं.

"मग काढ ते," बायको म्हणाली, आणि पुढच्याच क्षणाला तिचा हात स्वतःच्याच तोंडावर गेला.

"काढू नका हं!" मेहुणे ओरडले. त्यांचं हसू कुठच्या कुठे पळालं. "स्टिकर गेलं की वॉरंटी गेली!"

"भावजी, नवाकोरा आहे हो," वहिनी म्हणाल्या. "आमच्या मिक्सरचं असंच मुलाने काढलं, आणि महिन्यात भांडं तडकलं."

"पावती आणि स्टिकर," मॅनेजर गंभीरपणे म्हणाले, "या दोन गोष्टी माणसाने जपाव्यात."

आजवर ज्या मंडळींचं कशावरही एकमत झालं नव्हतं, ती सगळी एका स्टिकरच्या मागे उभी राहिली होती. आणि खरं सांगतो, माझाही हात पुढे जाईना. आमच्या सात पिढ्यांत कुणी स्टिकर काढलेलं नाही. इस्त्रीचं जळलं, पण काढलेलं नाही!

"राहू द्या बाबा," भिंगरी म्हणाली. "खरंच. सेटिंगमध्ये जाऊन तो डोळा बंद करता येतो. मी करते, थांबा."

तिला काय वाटलं? तिचा बाप तिच्या म्हाताऱ्यासाठी एक कागदाचा चिटोरा सोडू शकत नाही? मी गुडघ्यावर बसलो, कोपऱ्यात नख घातलं आणि ओढलं. चर्रर्र! काय आवाज होता तो! मेहुण्यांनी डोळे मिटून घेतले. वहिनी "अगं बाई" म्हणाल्या. चिकटलेलं सगळं निघालं, मागे एक बारीकशी काळी टिकली दिसली, चादरींच्या फटींतून झिरपणारं दुपारचं ऊन तिच्यावर पडलं, आणि टीव्हीने जणू झोपेतून उठून इकडेतिकडे बघावं तसा पडदा हळूहळू जिवंत झाला.

"वॉरंटी गेली खड्ड्यात," मी म्हणालो. "लाव गं पहिल्यापासून तो प्रसंग."

तिने मागे नेऊन लावला. सून आली. दार लोटलं. आत अंधार, पण आता तो डांबराचा गोळा नव्हता. त्यात खोली होती. दारातून आलेल्या उजेडाची एक रेघ सुनेच्या खांद्यावर, भांड्याच्या काठावर तांबूस टिपका, आणि पुढे सगळं गडद. ती बसली. डोकं धरलं.  मी कोपऱ्याकडे बघत होतो, आणि मला ठाऊक असूनही तिथे कुणी दिसेना. बाप रे, मला वाटलं, फुकट गेलं सगळं.

आणि मग वहिनी, ज्यांना कुठलाही सिनेमा बघताना पाच मिनिटं गप्प बसवत नाही, त्या अगदी हळू, जणू पडद्यातल्या सुनेलाच सांगत, म्हणाल्या, "अगं... अगं, तो इथेच बसलाय गं."

मलाही तेव्हाच दिसला. गुडघे जवळ घेऊन बसला होता. डोळ्यांत तेवढा ओलावा चमकत होता, बाकी सगळा अंधारच. मॅनेजर चष्मा काढून पुसायला लागले. मेहुणे पुढे सरकून खुर्चीच्या टोकाला आले होते आणि त्यांच्या हातातलं बिस्किट चहात पडून विरघळून गेलं, ते त्यांना कळलंही नाही. भिंगरी पडद्याकडे बघतच नव्हती. ती भिंतीला टेकून एकेकाचं तोंड बघत होती, आणि खालचा ओठ दातातून सुटला होता.

सिनेमा संपला, चादरी सोडल्या. जाताना मेहुणे दारात घुटमळले. "मला तो आधीच दिसला होता," म्हणाले. मी म्हटलं, हो, पासपोर्टचा. मग ते भिंगरीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "पुढचं काम आलं की कळव गं. मी येईन." आणि चप्पल घालता घालता मला बाजूला घेऊन टीव्ही कुठल्या दुकानातून घेतला ते विचारलं. मी त्यांना दुकान सांगितलं, आणि अंधार मागू नका असंही सांगितलं, त्यांच्याकडे नसतो.

सगळ्यांना निरोप देईपर्यंत मी बराच वेळ दारात उभा होतो. प्रत्येक जण जाताना माझ्या छातीकडे बघून गालातल्या गालात हसत होता. मी म्हटलं, हसा, आता खुशाल हसा. शेवटी भिंगरी बॅग खांद्याला लावून बाहेर आली, आणि तीही हसायला लागली.

"अहो बाबा, हे काय!"

मी खाली बघितलं. ते स्टिकर मी ओढून काढलं खरं, पण नंतर ते माझ्या शर्टाच्या खिशावर जाऊन चिकटलं होतं, आणि क्वांटम डॉट, एचडीआर अशा सगळ्या पदव्या छातीवर लावून मी दुपारभर मिरवत होतो.

"थांबा, काढते," ती म्हणाली आणि तिने हात पुढे केला.

मी तिचा हात वरच्यावर धरला.

"हात लावू नकोस," मी म्हणालो. "वॉरंटी जाईल."